बिनजिन्याची खोली

चष्मेवाल्यांच्या फाटकासमोर रस्त्यात गटाराचं एक झाकण होतं आणि ते एका बाजूनं वीतभर खचलेलं होतं. गेल्या दोन वर्षांत त्या झाकणानं तीन सायकली, एक दुधाची किटली आणि खुद्द चष्मेवाल्यांच्या बायकोचा डावा घोटा एवढा ऐवज घेतला होता. गल्लीतली माणसं तिथे आली की आपोआप उजवीकडे एक पाऊल टाकून पुढे जात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, ही सगळी मंडळी या एका घराला वळसा घालून जातात, म्हणजे नक्कीच काहीतरी भांडण असणार.

घोटा सुजला त्या दिवशी पाय बादलीत बुडवून बसलेली बायको म्हणाली, "आता तरी नगरपालिकेत अर्ज टाका."

"टाकू," चष्मेवाले म्हणाले.

हे 'टाकू' ते दोन वर्षं म्हणत होते. तसा माणूस भित्रा नव्हता. बाजारात त्यांचं चष्म्याचं छोटं दुकान होतं आणि दुकानात ते वाघ असत. दहा वर्षं चुकीचा नंबर लावून हिंडणाऱ्या प्राध्यापकांनाही ते, "सर, हा चष्मा तुमचा नाही, काढा आधी," असं दरडावून सांगत. पण नगरपालिकेचं नाव काढलं की ते घाईघाईनं विषय बदलत. त्याला कारण होतं, आणि ते कारण त्यांच्याच घराच्या गच्चीवर उभं होतं.

अकरा वर्षांपूर्वी त्यांची आत्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली. आई लवकर गेल्यावर चष्मेवाल्यांना तिनंच वाढवलं होतं. त्यापायी स्वतःचं लग्नबिग्न करायचं राहूनच गेलं होतं. तिला आपल्याकडे आणायचं म्हणून त्यांनी गच्चीवर दहा बाय बाराची खोली बांधली. रस्त्याच्या बाजूला खिडकी, मागे मोरी, आणि वर जायला भिंतीलगत बाहेरून लोखंडी जिना. सगळं झकास झालं. फक्त नगरपालिकेत खोलीची नोंद करायची राहिली. आधी वाटलं, रंग झाला की करू. रंग झाल्यावर वाटलं, इतके दिवस का नाही केली असं विचारतील. वर्ष उलटल्यावर वाटलं, दंड करतील. पाच वर्षांनी वाटलं, खोली पाडतील. आणि अकरा वर्षांनंतर, दुकानात शांत बसलेले असताना, कधीकधी ते तुरुंगातलं जेवण कसं असेल याचा विचार करू लागत.

घरपट्टीचं बिल आलं की बायको जाऊन भरून यायची. चष्मेवाले त्या दिवशी बिल ठेवलेल्या टेबलाकडे पाठ करून बसत. आत्याला मात्र यातलं अवाक्षर सांगितलेलं नव्हतं. आपल्यापायी पोराला कायदा मोडावा लागला हे कळलं असतं, तर ती दुसऱ्या दिवशी ट्रंक उचलून चालती झाली असती. तशी ती होतीच.

अशात नगरपालिकेनं बाजारात एक फलक लावला. येत्या वर्षाच्या अर्थसंकल्पासाठी रस्तेसुधारणेबाबत नागरिकांकडून सूचना मागवण्यात येत आहेत, असा. खाली एक हिरवी पेटी टांगलेली.

"झालं तर मग," बायको म्हणाली. "हा अर्ज नाही, सूचना आहे. अर्ज करणाऱ्याचं घर बघतात. सूचना करणाऱ्याचं कोण बघतंय?"

हा मुद्दा बिनतोड वाटल्यामुळे चष्मेवाले लिहायला बसले. पहिल्या खर्ड्यात त्यांनी झाकणाबद्दल नगरपालिकेची माफी मागितली होती. तो बायकोनं फाडला. दुसऱ्यात 'एका नागरिकाच्या घरासमोर, एका गल्लीत, एक झाकण' असं लिहिलं होतं.

"कुठलं घर? कुठली गल्ली?"

"ते त्यांनी शोधावं. त्यांचं कामच आहे ते."

शेवटी बायकोनं स्वतःच्या हातानं घर क्रमांक दोनशे चौदा असा पूर्ण पत्ता लिहिला, उत्तरासाठी खाली दुकानाचाही पत्ता दिला आणि लंगडत जाऊन कागद पेटीत टाकून आली. ती बालवाडीत शिकवायची. रडणाऱ्या चाळीस पोरांना रोज सांभाळणाऱ्या बाईला घरातल्या एकाचं फारसं काही वाटत नसे.

आता यात चष्मेवाल्यांचं नशीब असं, की सबंध शहरातून त्या पेटीत एकच सूचना आली. एक बसचं तिकीट निघालं, कुणाच्या तरी गणिताच्या वहीचं एक पान निघालं, आणि ही सूचना. पेटी रिकामी निघाली असती तर अर्थसंकल्पाच्या सभेत विरोधकांनी नगराध्यक्षांची सालटी काढली असती. म्हणून नगराध्यक्षांनी ही एकुलती एक सूचना अशी काही डोक्यावर घेतली, की तीन आठवड्यांत चष्मेवाल्यांच्या दुकानाच्या पत्त्यावर नगरपालिकेचा शिक्का असलेलं पत्र येऊन थडकलं.

पत्र घेतलं तेव्हा ते एका बाईंना अक्षरांचा तक्ता वाचायला लावत होते. त्यानंतर बाईंनी सगळ्या ओळी बरोबर वाचल्या आणि चष्मेवाल्यांना एकही दिसली नाही.

पत्रात लिहिलं होतं : 'आपल्या सूचनेची गांभीर्याने दखल घेण्यात आली असून, येत्या मंगळवारी दुपारी तीन वाजता बांधकाम व करआकारणी विभागाचे प्रतिनिधी आपल्या घरी स्थळपाहणीस येतील. रस्ता सुधारल्यास लगतच्या मालमत्तांच्या नोंदींची पडताळणी करणे आवश्यक असल्याने, आपण समक्ष हजर राहावे.'

करआकारणी. नोंदी. पडताळणी. समक्ष. एका वाक्यात चार सुरे. चष्मेवाल्यांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि तडक शेजारच्या हेडक्लार्कांकडे गेले.

हेडक्लार्क म्हणजे सात वर्षांपूर्वी निवृत्त झालेले हेडक्लार्क. आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं, पण जगातल्या कुठल्याही कचेरीचा कागद त्यांच्यासमोर ठेवावा आणि त्यांनी तो डोळे बारीक करून वाचावा. सल्ल्याचे ते पैसे घेत नसत. फक्त तो ऐकला नाही तर सहा महिने बोलत नसत.

"'दखल घेण्यात आली आहे' इथपर्यंत ठीक होतं," हेडक्लार्क म्हणाले. "'गांभीर्यानं' हा शब्द वाईट. माझ्या नोकरीत मी तो दोनदाच पाहिला. दोन्ही माणसं नंतर दिसली नाहीत."

"दिसली नाहीत म्हणजे?"

"एकाची बदली झाली, दुसऱ्याचं मला माहीत नाही. पण दिसली नाहीत हे खरं." त्यांनी कागद उजेडाकडे धरला. "तुमच्या त्या वरच्या खोलीची नोंद आहे ना?"

चष्मेवाल्यांनी हळूच दाराकडे बघितलं.

"नाही?" हेडक्लार्कांनी उठून दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. "अकरा वर्षं? व्याज, दंड, दंडावर व्याज... थांबा. घाबरू नका. आधी मला सांगा, खोली म्हणजे काय?"

"दहा बाय बारा."

"तसं नव्हे. कायद्यात खोली म्हणजे काय? जिथे माणसाला जाता येतं ती. जिथे जायला वाटच नाही, ती खोली नव्हे. ती पोकळी. पोकळीवर कर नाही." हेडक्लार्क स्वतःच्याच वाक्यावर क्षणभर खूश झाले. "जिना काढा."

"काय?"

"चार बोल्टांवर तर उभाय. मंगळवारी सकाळी काढायचा, बुधवारी लावायचा. विचारलंच तर म्हणायचं, वर पाण्याच्या टाकीसाठी आडोसा केलाय."

चष्मेवाल्यांना ही कल्पना पटली असं म्हणता येणार नाही. पण घाबरलेल्या माणसाला पटण्याची गरज नसते, त्याला फक्त कुणीतरी ठामपणे सांगावं लागतं. बायकोला सांगायची हिंमत झाली नाही. ती आधी हसली असती आणि मग रागावली असती, आणि त्यांना त्या आठवड्यात दोन्ही झेपलं नसतं. मंगळवारी ती सकाळी सातलाच बालवाडीत जाई. आत्या मंगळवारी नवाला वाचनालयात जाई ती एकच्या पुढे परत येई. जिना रंगाला गेलाय अशी थाप तिच्यासाठी तयार होती, आणि ती आली की बायकोच्या पलंगावर तिला एक रात्र झोपवायचं, असं सगळं बेतानं आखलेलं.

मंगळवारी सव्वानऊला वेल्डर हातगाडी घेऊन आणि हेडक्लार्क देखरेखीला हजर झाले. चष्मेवाल्यांनी खबरदारी म्हणून जिन्याखाली उभं राहून हाक मारली, "आत्या, गेलीस का?"

वरून काही उत्तर आलं नाही.

"गेल्या," हेडक्लार्क म्हणाले. "असत्या तर 'नाही' म्हणाल्या असत्या."

तर्कात खोट काढायला जागा नव्हती. वेल्डरनं खालचे दोन बोल्ट काढले, शिडी लावून वरचे दोन काढले, आणि तो आणि हेडक्लार्क दोघांनी मिळून जिना आडवा करून गाडीवर चढवला. भिंतीवर जिन्याची तिरकी पांढुरकी खूण तेवढी राहिली. हेडक्लार्कांनी ती मातीच्या बोळ्यानं पुसायचा प्रयत्न केला आणि ती दुप्पट रुंद झाली. वेल्डर गाडी आणि आपली शिडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी पोहोचला असेल नसेल, तोच वरची खिडकी उघडली.

खिडकीत आत्या होती. डोक्यावर टॉवेल, नाक लाल, हातात वाफाऱ्याचं भांडं. सर्दी झाली म्हणून ती वाचनालयात गेली नव्हती, आणि टॉवेलाखाली डोकं घालून बसली असताना तिला भाच्याची हाक ऐकू गेली नव्हती.

"छोट्या," ती खाली बघत म्हणाली. बावन्न वर्षांच्या, पोट सुटलेल्या चष्मेवाल्यांना जगात ही एकच बाई अजून छोट्या म्हणत असे. "छोट्या, जिना कुठाय?"

चष्मेवाल्यांनी रिकाम्या भिंतीकडे बघितलं.

"रं... रंगाला गेला."

"सांगितलं नाहीस."

"हाक मारली होती."

"मला न्यायचं राहिलं वाटतं," आत्या म्हणाली.

चष्मेवाले वेल्डरच्या मागे धावले. धावताना आपल्याच फाटकासमोर आपल्याच झाकणात त्यांचा पाय मुरगळला, आणि ते उठून उभे राहीपर्यंत गल्लीच्या त्या टोकाला वेल्डरऐवजी दुसरीच दोन माणसं दिसायला लागली. एकाच्या खांद्याला मोजपट्टीचं पिवळं चाक होतं. दुसऱ्याच्या काखेत उशीएवढं जाड रजिस्टर.

तीन वाजता येणारी नगरपालिका पावणेदहालाच आली होती. कचेरी उशिरा येते याची सवय असलेल्या माणसावर ती लवकर आली तर काय प्रसंग ओढवतो, याची कल्पना नुसती सांगून यायची नाही.

"दुपारी सभा लागली, म्हणून म्हटलं आधीच उरकू," रजिस्टरवाले म्हणाले. ते करनिरीक्षक होते. किरकोळ अंगाचा, मऊ आवाजाचा माणूस. चष्मेवाल्यांना तो मऊपणा फारच भयंकर वाटला. ओरडणारा अधिकारी ओरडून जातो; हे असे हळू बोलणारेच कागद करतात.

पिवळ्या चाकाचा ओव्हरसियर झाकणापाशी उकिडवा बसला. पाच मिनिटांत गल्ली जमली. कुणी म्हणालं, झाकण बदलून भागणार नाही, पूर्ण रस्ताच उचला. कुणी म्हणालं, उचलू नका, उचलला तर पाणी आमच्या घरात. एका आजोबांना तिथे दिवा हवा होता, दुसऱ्यांना तो दिवा डोळ्यांवर येणार होता. चष्मेवाले फाटकाला पाठ लावून असे उभे होते, की आपल्या रुंदीनं मागचं अख्खं घर झाकून जाईल.

करनिरीक्षकांनी रजिस्टर उघडलं, आणि त्यांच्या चष्म्याची दांडी निखळून झाकणाच्या फटीशी पडली. दांडी दोऱ्यानं बांधलेली होती. चष्मेवाल्यांचा हात सवयीनं खिशात गेला. खिशातला बारीक स्क्रूड्रायव्हर आणि दोन स्क्रूची डबी बाहेर कधी आली ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी चष्मा घेतला, दोरा काढला, स्क्रू बसवला, नाकावरचे टेकू सरळ केले, सदऱ्याच्या टोकानं काचा पुसल्या आणि परत दिला. त्या एका मिनिटात जगात भीती नावाची चीज नव्हती.

"वा! किती द्यायचे?" करनिरीक्षकांनी विचारलं.

"छे, छे! एका स्क्रूचे काय घ्यायचे?"

मागून हेडक्लार्क जोरात खोकले आणि कानाशी येऊन कुजबुजले, "लाच!"

"द्या! द्या!" चष्मेवाले ओरडलेच. "पूर्ण द्या! सूट नाही! पावती देतो!" आणि त्यांनी खरोखरच नगरपालिकेच्या पत्राच्या पाठीमागे 'एक स्क्रू, रोख' अशी पावती लिहून सही केली. करनिरीक्षकांनी ती जरा बुचकळ्यात पडूनच खिशात ठेवली.

पण चष्मा नाकावर नीट बसल्यामुळे त्यांनी आता पहिल्यांदाच मान वर केली.

"त्या कोण?"

खिडकीत आत्या कोपर टेकून, रस्त्यावर नाटक लागल्यासारखी बघत होती.

"ती ना? आत्या."

"कुठे राहतात?"

"वर."

"वर म्हणजे?"

"वर म्हणजे... तशी खालीच. पण आत्ता वर."

"पाण्याच्या टाकीपाशी गेल्यात," हेडक्लार्क मदतीला धावले. "आडोसा आहे तो."

"गेल्या कशा?" करनिरीक्षकांनी भिंतीवरच्या तिरक्या, रुंद, मातकट खुणेकडे बघत विचारलं. "जिना दिसत नाही."

यावर हेडक्लार्कांना घरी गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं. चष्मेवाले भर गल्लीत एकटे उरले.

करनिरीक्षकांनी पानं उलटली. एका पानावर बोट ठेवलं. "दोनशे चौदा, तळमजला. हे तुम्ही. दोनशे चौदा बटा एक, गच्चीवरील खोली, दहा बाय बारा, बाहेरून लोखंडी जिना. भोगवटादार म्हणून बाईंचं नाव आहे. अकरा वर्षं घरपट्टी वेळेवर. एकदाही थकबाकी नाही." ते वर बघून किंचित हसले. "नमस्कार, आजी!"

"नमस्कार!" आत्या म्हणाली आणि शिंकली.

चष्मेवाल्यांना ऐकू आलं, पण समजलं नाही. अकरा वर्षं. बटा एक. वेळेवर. त्यांनी फाटक घट्ट धरलं.

"म्हणजे खोली नोंदीत आहे," करनिरीक्षक म्हणाले, आणि त्यांचा मऊ आवाज एकाएकी मऊ राहिला नाही. "पण जिना प्रत्यक्षात नाही. आणि आजी वर अडकल्यात. जिना कधी काढला?"

"आज सकाळी."

"कुणी?"

"मीच."

"आजींना विचारून?"

"नाही. म्हणजे हाक मारली होती."

ओव्हरसियरनं चाक जमिनीवर ठेवलं. करनिरीक्षकांनी रजिस्टर मिटलं. "हे बघा, असली प्रकरणं मी पाहिली आहेत. म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर काढायचं असलं की लोक आधी पाणी तोडतात, मग वीज तोडतात. जिना काढणारे तुम्ही पहिले. हे मला वर कळवावं लागेल. पोलिसांनाही."

"अगबाई!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "आणि आम्ही यांच्याकडून चष्मे घेतो!"

अकरा वर्षं चष्मेवाले नाना प्रकारे घाबरले होते. दंडाला, जप्तीला, कोठडीला. पण या एका आरोपाची भीती त्यांना स्वप्नातही शिवली नव्हती. ज्या बाईनं स्वतःचं सगळं बाजूला ठेवून आपल्याला वाढवलं, तिला आपण घराबाहेर काढतोय, असं सबंध गल्लीनं आपल्याकडे बघावं! आणि खिडकीत ती हे सगळं ऐकत होती. टॉवेलाखालच्या तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्यांना एवढ्या खालून दिसेना. तिलाही तसंच वाटलं तर? या विचारापुढे आधीच्या अकरा वर्षांची भीती त्यांना सर्दीपडशासारखी वाटली.

"नाही हो!" ते म्हणाले. "मी तिला कशाला काढीन? मी खोली लपवत होतो! तुमच्यापासून! मला वाटलं तिची नोंदच नाही. अकरा वर्षं घरपट्टी चुकवतोय असं मला वाटत होतं. मी गुन्हेगार आहे, साहेब, पण त्या प्रकारचा नाही. लिहून घ्या. दंड करा. कोठडीत टाका. पण तिला काढायचं नव्हतं हो! तिला सांगितलं असतं तर ती आपणहून गेली असती, म्हणून तर कधी बोललो नाही. तिच्यासाठीच तर बांधली होती खोली."

एवढं बोलून ते आपल्याच खचलेल्या झाकणावर मटकन बसले, आणि झाकण आणखी दोन बोटं खाली गेलं.

करनिरीक्षकांनी नुकताच दुरुस्त झालेला चष्मा नाकावर सरकवून त्यांच्याकडे बघितलं. नोकरीच्या तेवीस वर्षांत करचुकवे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. न चुकवलेल्या कराची अशी जाहीर कबुली देणारा माणूस हा पहिलाच.

"आजी," त्यांनी वर बघून विचारलं, "हे खरं बोलतायत?"

आत्यानं टॉवेलानं नाक पुसलं. नाकच पुसलं की आणखी काही, ते कुणाला कळलं नाही.

"खोटं बोलायला डोकं लागतं, साहेब," ती म्हणाली. "जिना आणायला सांगा त्याला." आणि खिडकी लावून घेतली.

करनिरीक्षकांनी रजिस्टरात 'जिना रंगकामासाठी तात्पुरता काढला' असं लिहिलं, ओव्हरसियरनं झाकणाची खोली पुन्हा मोजली, कारण ती मघाशी लिहिल्यापेक्षा वाढली होती, आणि नगरपालिका निघून गेली.

वेल्डरकडे गेल्यावर कळलं, की बुधवारी नव्हे, जिना आता गुरुवारी मिळेल. त्यानं तो खरंच रंगाला दिला होता. दोन वाजता बायको आली. तिनं सगळं ऐकून घेतलं. चष्मेवाल्यांनी गृहीत धरल्याप्रमाणे ती हसली आणि रागावली, पण एकामागून एक नव्हे, एकाच वेळी. आणि मग तिनं कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनची शिडी मागून आणली आणि जेवणाचा डबा नवऱ्याच्या हातात दिला. "तुम्हीच जा. मी धरते खालून."

शिडीच्या सातव्या पायरीवर चष्मेवाल्यांना कळलं, की आपल्याला उंचीचीही भीती आहे. मुरगळलेला पाय पायरीवर नीट टेकत नव्हता. डबा दातांत धरला असता तर 'वाचवा' म्हणता आलं नसतं, म्हणून तो त्यांनी गळ्यात अडकवला होता. कठड्यावरून ते गच्चीत पालथे पडले तेव्हा आत्या दारात उभी होती. तिनं डबा आधी उचलला, मग भाच्याला.

ती जेवत असताना ते खुर्चीच्या टोकावर बसून राहिले.

"तू कधी केलीस नोंद?" शेवटी त्यांनी विचारलं.

"राहायला आले त्याच महिन्यात. मालकाची सही लागत होती. तुझ्यापुढे कागद ठेवला. वर शिक्का बघितलास आणि डोळे मिटून सही केलीस. मला वाटलं, वाचलं असशील."

"नाही वाचलं."

"कळलं आज." ती हात धुऊन आली. "टेलिफोनमध्ये तीस वर्षं मी लोकांचे नंबर जोडून दिले. स्वतःचा पत्ता कायम कुणाच्या तरी मार्फत. पहिल्यांदा माझ्या नावानं एक घर क्रमांक मिळत होता, बटा एक का असेना. ते बिल आपण भरावं असं वाटलं. तुला मुद्दाम सांगितलं नाही, तू म्हणाला असतास, आत्या, मी भरतो."

"म्हणालो असतो."

"म्हणूनच." तिनं त्यांच्या सदऱ्यावरची शिडीची धूळ झटकली. "आणि तू काय, अकरा वर्षं एकटाच घाबरत बसलास होय रे? एकदा जिना चढून सांगायचंस. थोडी मीही घाबरले असते सोबतीला."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. खालून बायको ओरडली, "अहो, येताय ना? माझे हात भरून आले." त्यांनी कठड्यावरून खाली डोकावलं, आणि उत्तरादाखल ते परत खुर्चीत येऊन बसले. संध्याकाळपर्यंत ते वरच होते.

गुरुवारी जिना आला. रंगवाल्यानं विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं, त्यामुळे तो भडक पोपटी झाला होता. हेडक्लार्कांनी खिडकीतून तो पाहिला, पण बाहेर काही आले नाहीत. आत्या त्यावरून ठणठणीत उतरली, पिशवी घेतली आणि म्हणाली, "चल. 'तात्पुरता' असं लिहून गेलेत ते. असल्या शब्दांचा भरवसा नाही, जिना परत बसला म्हणून नोंद करून येऊ."

"मी कशाला? दुकान आहे."

"चल."

नगरपालिकेच्या इमारतीत चष्मेवाले अकरा वर्षांनी पाऊल टाकत होते. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना छताला भिडलेली कपाटं, प्रत्येक कपाटात गठ्ठे, आणि प्रत्येक गठ्ठ्यात आपलं नाव असावं असं त्यांना वाटत होतं. आत्या मात्र घरच्यासारखी चालत तिसऱ्या खिडकीशी गेली.

"या आजी! बसा," खिडकीतल्या कारकूनबाई म्हणाल्या. "यंदा लवकर?"

आत्यानं जिन्याचं सांगितलं. बाईंनी रजिस्टर काढून ओळ लिहिली. मग म्हणाल्या, "तुमच्या गल्लीचं झाकण घेतलं हो अर्थसंकल्पात. परवाच्या सभेत मंजूर झालं. नगराध्यक्ष वीस मिनिटं बोलले त्याच्यावर. मेअखेर बसेल." आणि त्यांची नजर आत्याच्या मागे, खांबाला चिकटून, पिशवी छातीशी धरून उभ्या असलेल्या गृहस्थांवर गेली. "हे कोण? यांचं काय काम आहे?"

"माझा भाचा," आत्या म्हणाली. "काम काही नाही. तुम्ही लोक चावत नाही, एवढं दाखवायला आणलाय."

बाई हसल्या आणि रजिस्टर ठेवायला त्यांनी शेजारचं लोखंडी कपाट धाडकन उघडलं. चष्मेवाले दचकून दोन पावलं मागे सरले. पण दाराच्या बाजूला नव्हे, आत्याच्या बाजूला.